न समजलेलं उभं राहून सांगणारी

"सर, मला न्हाई समजलं."

हे वाक्य ती बसल्या जागेवरून कधीच बोलली नाही. आधी उठायची, खाकी एप्रन खाली ओढून सरळ करायची आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलायची. तुम्हीही वर्गात बसला असाल. न समजलेलं आपण किती बेमालूम झाकतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मान डोलावतो, वहीत काहीतरी खरडतो. हिला ते जमायचं नाही, आणि जमवायचंही नव्हतं.

मी लोणावळ्याचा. जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं फिटिंग शिकवतोय. शाखा कुठलीही असो, पहिल्या वर्षाची सगळी मुलं माझ्या हाताखालून जातात. ती पवनानगरच्या पलीकडच्या गावातून मेकॅनिकलला आली होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढची दोन वर्षं इंग्रजी पाठ करून काढलेली. कॉलेजात सगळे तास इंग्रजीतून. कुणी प्रश्न विचारला तर ती तुटक इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मागच्या बाकांवर हसू फुटायचं. ती थांबायची, वळून बघायची.

"झालं हसून? मग फुडचं सांगते."

आणि खरंच पुढचं सांगायची.

फिटिंगच्या जॉबमध्ये लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कापायचे, कानशीने घासायचे आणि एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. हात भरून येतात, तळव्याला फोड येतात. म्हणून मुलं हायवेलगतच्या एका कारखान्यातून तयार जॉब घेऊन यायची. मला ते माहीत होतं. साठ मुलं, पट्टी घट्ट धरणारे वाइस मोजके. पहिली काही वर्षं मी ओरडलो, नंतर ओरडायचं सोडून दिलं.

जॉब तपासायच्या दिवशी तिचा जॉब माझ्यासमोर आला. दोन तुकड्यांमधून नख सहज जात होतं. मी दहापैकी चार दिले. तिच्या शेजारच्या मुलाला नऊ.

तिनं त्याचा चकचकीत जॉब उचलला. "सर, याला इचारा, कानस कशी धरायची."

मी विचारलं. मुलानं कानस सुरीसारखी मुठीत धरली.

"याचं मार्क कापा म्हनत न्हाई मी," ती म्हणाली. "मला वाढवून द्या असंबी म्हनत न्हाई. माझा वाकडाच झालाय. पन तुमाला म्हाईत हाय, एवढंच मला बोलायचंय."

आवाज चढलेला नव्हता. तोवर मला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं, प्राचार्यसुद्धा नाही. मी गुणांची यादी फाडली आणि सांगितलं, सगळ्यांनी जॉब पुन्हा करायचे, इथे, माझ्यासमोर.

त्याची शिक्षा तिलाच झाली. वर्ग तिच्याशी बोलेना. हॉस्टेलच्या मेसमध्ये तिच्या टेबलाशी कुणी बसेना. मग तिनं मेस सोडली. गावच्या माणसांबरोबर घरून येणारा डबा घेऊन ती दुपारी वर्कशॉपमध्ये यायची आणि बाकाच्या कडेला बसून जेवायची.

"एकटीच जेवतेस?" मी एकदा विचारलं.

"एकटी कशी? तुमी हाय की," असं म्हणून तिनं गावाजवळच्या धरणातल्या माशाचा एक तुकडा माझ्या डब्याच्या झाकणात टाकला.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. गणित आणि मेकॅनिक्स गेलं. कुणा शिक्षकांनी घरी फोन करून सांगितलं, मुलीला हे झेपत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पवनानगर ते कामशेत माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवणारा माणूस, अंगात खाकी शर्ट, हातात किल्ली तशीच. ती वाइसवर काम करत होती.

"चल," ते म्हणाले. "सामान आवर. कॉमर्सला घालतो तुला."

"मी न्हाई येत, आबा."

"दोन इषय गेल्यात."

"बाकीचं सुटलं, ते फोनवर सांगितलं न्हाई व्हय?"

वडील माझ्याकडे वळले. "सर, तुमी तरी सांगा हिला."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आबा, जीप घाटात बंद पडली तर तुमी इकून टाकता का?"

वडिलांनी तिचे हात बघितले. काळे झालेले, बोटांना पट्ट्या बांधलेल्या. मग किल्ली खिशात घातली आणि तिला न घेताच गेले. ते गेल्यावर ती वर्कशॉपच्या मागे, कचऱ्याच्या पत्र्यांपाशी जाऊन रडली. मी बघितलं, पण गेलो नाही. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्यानंतर ती गणिताच्या सरांच्या केबिनबाहेर रोज उभी राहू लागली. सर वैतागले, मग त्यांना सवय झाली. तिची वही मी एकदा चाळली. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे तिनं आपला अर्थ लिहिला होता. 'टॉर्क म्हंजे पिळायचा जोर.' 'फ्रिक्शन म्हंजे चिकटून बसायचा हट्ट.' हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. आता मी ते इतरांना शिकवतो.

उन्हाळ्यातल्या परीक्षेत मेकॅनिक्स चांगलं सुटलं, गणित काठावर. दुसऱ्या वर्षाची मुलं वर्कशॉपकडे फिरकत नाहीत, तशी तीही दिसेनाशी झाली. तीन वर्षांनी ती पास झाल्याचं नोटीस बोर्डावर वाचलं.

मागच्या महिन्यात कामानिमित्त पवनानगरला निघालो होतो. कामशेतला जीपमध्ये बसलो, तर गाडीवर तिचे वडील. त्यांनी मला ओळखलं आणि पुढे आपल्या शेजारी बसवलं.

"कुठे असते ती?" मी विचारलं.

"चेन्नईला. कारखान्यात. गाड्यांचं गिअर बनवत्यात तितं." त्यांनी आरशात मागची माणसं मोजली. "तितं समदी तमिळ बोलत्यात. हिला एक शब्द येत न्हाई."

"मग?"

"मग काय," वडील म्हणाले आणि त्यांनी जीप सुरू केली. "गेली."