सूतिकागृहासाठी गोळा केलेल्या सह्या

माझं अक्षर बरं आहे, एवढ्या एकाच कारणाने तो अर्ज माझ्याकडे आला.

आमच्या लालबागच्या चाळीपासून चालत सातेक मिनिटांवर पालिकेचं एक छोटं सूतिकागृह आहे. दोन मजले, अंगणात बदामाचं झाड, आणि दारात कायम कुणीतरी पिशवी आणि थर्मास घेऊन उभं. माझी मुलगी तिथेच झाली. मी मूळची गिरगावची. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या लोकांचं मोठ्याने बोलणंसुद्धा मला परकं वाटायचं. मग तीन दिवस त्या लोखंडी खाटेवर पडून खिडकीतली बदामाची पानं बघितली, शेजारच्या खाटांवरच्या बायकांचं मालवणी ऐकत ऐकत डोळा लागायचा, जाग आली तरी तेच बोलणं चालू असायचं. घरी परतले तेव्हा मी इथली झाले होते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात फाटकावर नोटीस लागली. इमारत दुरुस्तीसाठी बंद करण्यात येणार असून रुग्णांनी मोठ्या रुग्णालयात जावे, असं लिहिलं होतं. किती दिवसांसाठी, ते लिहिलं नव्हतं. चाळीत दोन दिवस तोच विषय होता. एकदा बंद झालेलं पुन्हा उघडत नाही, असं ज्याचं त्याचं म्हणणं. शेवटी रविवारी गॅलरीत जमून अर्ज करायचा ठरला, आणि कागद माझ्या हातात आला.

मी रात्रीच्या स्वयंपाकाआधी बसून दोन पानं लिहिली. तीव्र निषेध, जनतेवर अन्याय, असं सगळं त्यात होतं. वाचून मलाच फार बरं वाटलं. ते घेऊन मी आमच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहणाऱ्या ताईंकडे गेले. ताई एकट्या राहतात. वॉर्ड ऑफिसच्या आवक विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढच्या टेबलावर पाठवायचा, हे त्यांचं काम. लोकांचे अर्ज त्यांनी आयुष्यभर हातात घेतले होते, पण स्वतः कधी एकाही अर्जावर सही केली नव्हती.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि पहिलं पान उलटं करून ठेवलं. म्हणाल्या, "हे वाचून साहेबाला राग येईल, पण करायचं काय ते कळणार नाही. तुला नक्की हवंय काय?"

मी म्हटलं, बंद करू नये.

"मग इमारत पडली तर? दुरुस्ती तर व्हायलाच हवी. साहेबाला हो म्हणता येईल असं काहीतरी माग."

आम्ही बराच वेळ बोलत बसलो. शेवटी अर्ज अर्ध्या पानाचा झाला. विषय एक, मागणी एक: दुरुस्ती एकेक मजल्याची करावी आणि तोवर उरलेल्या मजल्यावर बाळंतपणं चालू ठेवावीत. खाली सह्यांसाठी रकाने आखताना ताईंनी नाव, पत्ता, सही यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखायला सांगितला. इथे कुणाचा जन्म झाला, ते त्यात लिहायचं. त्या म्हणाल्या, नुसत्या सह्यांचे गठ्ठे त्यांनी खूप पाहिले होते. पानं कुणी उलटत नाही. काही वाचण्यासारखं असलं तर उलटतात.

मुलीला फोनवर सांगितलं तर तिने ठाण्याहून तासाभरात मोबाइलवर एक अर्ज तयार करून सगळीकडे पाठवला. त्यावर कुठकुठल्या लोकांनी पाठिंबा दिला. तोही छापून आम्ही मागे जोडला. पण दारोदार फिरायचं ठरलं ते ठरलंच. रोज दुपारी, भांडी आवरली की मी आणि ताई निघायचो.

त्या दुपारी मला अजून आठवतात, पण एकेक वेगळी अशी आठवत नाही. लांबलचक गॅलऱ्या, कठड्यावर वाळणाऱ्या चादरींतून आत येणारं मऊ ऊन, कुठेतरी फोडणीचा उरलेला वास. दारं उघडीच. आम्ही सहीसाठी कागद पुढे करायचो आणि लोक चौथ्या रकान्यापाशी थांबायचे. मग बोलायला लागायचे. एकीचा मुलगा गणपतीच्या दिवसांत झाला होता आणि ढोलताशांच्या आवाजात तिला स्वतःचं ओरडणंही ऐकू आलं नव्हतं. एक निवृत्त गिरणी कामगार सांगत होते, पाळी सुटल्यावर थेट तिकडे गेलो, अंगावर कापूस तसाच, म्हणून नर्सने बाळाला हात लावू दिला नाही. ते सांगताना त्यांनी आपले तळहात पाहिले. करी रोडला एका खोलीत सासू, सून आणि नात तिघींनी एकाखाली एक त्या नातीचंच नाव लिहिलं. ऐकता ऐकता मला गुंगी यायची. सगळा भाग त्या एका दारातून पांढऱ्या कपड्यात गुंडाळून हळूहळू बाहेर आणला जातोय, असं काहीतरी डोळ्यांपुढे तरंगत राहायचं. ताई मात्र दर वेळी पत्ता नीट लिहिलाय का ते तपासायच्या.

जवळच्या नव्या टॉवरमध्ये आम्हाला वर जाऊ दिलं नाही. मग आम्ही फाटकाबाहेर उभ्या राहिलो. वर घरकामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळी तिथूनच सुटतात. त्यांनी पर्स गुडघ्यावर ठेवून सह्या केल्या. एक गरोदर होती. चौथ्या रकान्यात काय लिहू, असं तिने विचारलं. ताई म्हणाल्या, "जागा रिकामी ठेव." ती हसली आणि सही करून गेली.

मागच्या चाळीत तळमजल्यावर एक आजी राहायच्या. कोकणातून लग्न होऊन आलेल्या, नव्वदीच्या पुढच्या. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि तसाच मांडीवर ठेवला. त्यांचे दोन्ही मुलगे गावी झाले होते. इथे फक्त एक मुलगी झाली होती, ती दुसऱ्या दिवशी गेली. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग मला विचारलं, "गो चेडवा, नाव ठेवूकच मिळाला नाय. तेचा काय लिवशी?"

ताईंनी माझ्या हातातून पेन घेतलं. त्यांचं अक्षर हिशेबी, आवक वहीतलं. त्यांनी लिहिलं: मुलगी. नाव ठेवायचं राहिलं. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि शेजारी सही केली. आम्हाला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

शेवटच्या पानावर ताईंनी स्वतःची सही केली. त्यांना मूलबाळ नाही. चौथ्या रकान्यात त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं. तेव्हा मला कळलं की त्यांचा जन्मही तिथलाच.

अर्ज द्यायला वॉर्ड ऑफिसात गेलो तेव्हा खिडकीपलीकडे त्यांच्या जुन्या जागेवर एक तरुण मुलगी होती. तिने ताईंना ओळखलं नाही. ताईंनीही सांगितलं नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतला, तो नीट उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं, आणि मग बाहेर आलो.

पुढे काही आठवडे काहीच झालं नाही. ताई दर सोमवारी नंबर सांगून फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून यायच्या. भांडायच्या नाहीत, फक्त विचारायच्या. सूतिकागृहात नवीन बायकांची नावं नोंदवून घेणं तोवर थांबलं होतं. बदामाची पानं लाल होऊन गळाली. मला वाटू लागलं होतं की हे आता असंच विरून जाणार.

मग आम्हाला बोलावणं आलं. अधिकारी वयाने माझ्याएवढेच होते, थकलेले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, तुम्हाला दुरुस्ती नको आहे का.

ताई म्हणाल्या, "हवीच आहे, साहेब. फक्त एकेक मजला करा."

ते पानं उलटू लागले. पंखा फिरत होता आणि प्रत्येक पानाचा कोपरा उचलला जात होता. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. आजींच्या ओळीवर, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने पान उलटलं आणि शेजारी बसलेल्या इंजिनीअरला विचारलं, वरचा मजला आधी घेतला तर खालचा चालू ठेवता येईल का. इंजिनीअर म्हणाला, मजुरांसाठी बाहेरून जिना बांधावा लागेल, वेळ जास्त लागेल, पण येईल.

त्यांनी होकार तिथे दिला नाही. आम्ही चालतच लालबागला परतलो.

उत्तर आलं ते उन्हाळ्यात. पोस्टमनने माझं नाव मोठ्याने घेतलं, म्हणून सगळ्या गॅलरीला कळलं. दुरुस्ती दोन टप्प्यांत होईल, आधी तळमजल्यावर आणि मग वरच्या मजल्यावर प्रसूतीची सोय चालू राहील, असं दोन ओळींत लिहिलं होतं. खाटा मात्र निम्म्याच राहणार होत्या, आणि अवघड बाळंतपणं मोठ्या रुग्णालयातच पाठवणार होते. कुणी म्हणालं, अर्धंच मिळालं. ताई म्हणाल्या, त्यांच्या सगळ्या नोकरीत अर्ध्यापर्यंत पोचलेले अर्जही त्यांनी थोडेच पाहिले होते.

पत्रावर पत्ता होता माझ्या नावाचा, आणि त्यापुढे लिहिलं होतं, "व इतर". मी ते पत्र घेऊन पुन्हा एकदा सगळ्यांच्या दारांवरून गेले. तेव्हाही दुपारच होती. जो तो हात पुसून ते हातात घ्यायचा, वाचायचा, आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारायचा, हे आम्हीच ना. मी हो म्हणायचे आणि पुढच्या दाराशी जायचे.