जावयाची शिट्टी

विश्वचषकाचे सामने पाहून पाहून माझ्या सासरच्या गावातल्या तरुणांना फुटबॉलमधली एकच गोष्ट पक्की जमली: पडणं. समोरच्याचा नुसता वारा लागला तरी पोटरी धरून लोळायचं आणि एका डोळ्यानं रेफरीकडे बघायचं. कोट्यवधी कमावणारे खेळाडू जगासमोर हेच करतात, मग नरडाण्याजवळच्या एका कापसाच्या गावानंच काय घोडं मारलंय?

टीव्हीवर रेफरीचे हाल बघून मात्र गाव काळजीत पडलं. अख्खा संघ त्याला घेराव घालतो, कुणी छाती भिडवतो, कुणी तोंडावर हात धरून आईबहीण काढतो. गावाचा औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांशी दर हिवाळ्यात सामना होतो, आणि दर वेळी रेफरी अर्ध्यातून पळ काढतो. यंदा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तोड काढली.

"जवाईले शिट्टी द्या. जवाईले कोण शिवी देई?"

मी जळगावच्या एका शाळेत खेळ शिकवतो, शिट्टीची सवय आहे. बायको तेवढी निघताना म्हणाली, "जरा सांभाळून. माझं माहेर आहे ते, मला तिथं जायचं-यायचं असतं." मी काहीतरी भारदस्त बोलून हसलो.

मैदानावर माझा थाट विचारू नका. मध्यंतराला खुर्ची, चहा, खांद्यावर शाल. विरुद्ध निकाल दिला तरी "बरोबर शे, पाव्हणा!" कामगारांचा कप्तान मात्र माझ्याकडे बघून कुत्सित हसत होता. गावचाच जावई, निकाल ठरलेलाच, असं त्याला वाटत असणार.

सामना संपत आला, बरोबरी होती. कामगारांचा चेंडू जाळ्यात शिरणार, तेवढ्यात माझ्या धाकट्या मेहुण्यानं तो दोन्ही हातांनी अडवला. गोलकीपर दुसराच होता. हात लपवायला जागा उरली नाही म्हणून साहेब पोट धरून लोळले. मी शिट्टी फुंकली. लाल कार्ड, पेनल्टी. मेहुणा उठला, अंग झटकलं, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "तुम्ही सांगशात तेच खरं, जिजाजी."

गाव हरलं. तरी जेवायला खापरावरची पुरणपोळी होती आणि तूप आबांनी स्वतः वाढलं. मी मनातल्या मनात फुगलो. साऱ्या जगातल्या खेळाडूंना जी शिस्त जमली नाही, ती आमच्या खानदेशानं करून दाखवली, असं मला अगदी मनापासून वाटलं.

परतीच्या गाडीत बायकोनं अमळनेरला खिडकीतून दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "काकूनं विचारलं, कामगारांनी तुझ्या नवऱ्याला काय चारलं? वहिनीनं माझ्यासमोर भांडी आपटली. आई तर बोललीच नाही."

"मग मला का कुणी काही म्हणालं नाही?"

"तुम्हाला कसं म्हणतील? तुम्ही जावई."

म्हणजे टीव्हीवरचे ते मस्तवाल परवडले. निदान शिवी ज्याची त्याला देतात. मला राग आला, आणि लाजही वाटली. मी चाचरत विचारलं, "पण तू पाहिलंस ना? चेंडू हाताला लागला होता ना?"

"दोन्ही हातांना लागला होता. स्वयंपाकघरात सगळ्यांना मी तेच सांगितलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "म्हणून तर धाकटा भाऊ म्हणाला, यंदा आखाजीच्या सणाला माहेरी येऊ नको."