कुंडीएवढं मैदान

बाबल गेल्याचा निरोप चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, तेव्हा मी माटुंग्याच्या बाजारात भाजी घेत होतो. पिशवी भाजीवाल्याकडेच ठेवून टॅक्सी पकडली... आता महिना होऊन गेला. माझ्या या बालमित्राविषयी लिहायचं तर मैदानाविषयी लिहावं लागतं, दुसरा इलाज नाही.

आमचं मैदान म्हणजे घोडपदेवला दोन चाळींच्या मधली मातीची जागा. आमचे वडील गिरणीतली पाळी संपवून आले की तिथे कबड्डी खेळत. पुढे स्पर्धा भरू लागल्या. बाहेरचे संघ जेवायला घराघरांत वाटून दिले जात आणि सामना सुरू झाला की दोन्हीकडच्या गॅलऱ्या माणसांनी भरून जात. गिरण्या बंद पडल्या त्या काळात मैदान भर दुपारीही भरलेलं असे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नसे.

बाबल डाव्या कोपऱ्यात खेळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हातात सापडला की सुटका नाही. खेळायला उतरण्याआधी मैदानातली माती तळहातांना चोळायची आणि कपाळाला लावायची, ही आमच्याकडची रीत. त्याचं खेळणं सुटलं, पण रोज संध्याकाळी नळाला पाइप लावून मैदानावर पाणी मारणं सुटलं नाही. कशाला रे दमतोस, म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "धूळ उडता. तळमजल्यावरच्यो बायका शिव्या घालतत." बायका हे निमित्त होतं, असं मला आपलं वाटतं.

चाळी पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा लोकांनी आधी मैदानाचं विचारलं, मग खोल्यांचं. सभेत बिल्डरच्या माणसाने नकाशा उलगडला. त्यात एक हिरवा चौकोन होता. बाबलने त्यावर बोट ठेवून सांगितलं, "हे बघा, मैदान आहे. करा सह्या." त्याच्या शब्दावर दोन्ही चाळींनी सह्या केल्या. तो हिरवा चौकोन पार्किंगच्या डोक्यावर, सातव्या मजल्याच्या गच्चीवर आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. मैदान जमिनीवरच असायचं. ते कोणी उचलून वर नेईल, हे आमच्या गावीही नव्हतं.

कळलं तेव्हा कोणीच त्याला बोल लावला नाही, आणि तेच त्याला लागलं. "कोणी शिवी घातली असती तर बरा वाटला असता रे," तो मला म्हणाला. "बापाचा मैदान मी बोट दाखवून घालवलंय." मी समजुतीचं काहीबाही बोललो. पालथ्या घड्यावर पाणी.

चाळी पाडायचं मशीन यायच्या आदल्या दिवशी त्याने मैदानातली माती एका गोणीत भरून घेतली. टॉवर होईपर्यंत भाड्याच्या खोलीत ती गोणी पलंगाखाली होती. त्याची बायको, शुभांगीवहिनी, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "लोक पलंगाखाली सोना ठेवतत, आमच्या ह्येंनी माती ठेवल्यानी."

टॉवर झाला. गच्ची गळेल म्हणून इंजिनिअरने वर माती टाकायला साफ नकार दिला. निळी मॅट आली. मग बाबलने एक मोठी कुंडी आणली, गोणी तिच्यात रिकामी केली आणि ती लिफ्टच्या दारापाशी ठेवली. कोणीतरी हौसेने तिच्यात मनीप्लांट लावला, तो त्याने उपटून टाकला. हळूहळू मॅटवर उतरण्याआधी मुलं-मुली त्या मातीत हात घासू लागली. बाबल बाजूला खुर्ची टाकून बघत बसायचा, पण खूश नसायचा. "ह्या काय मैदान नाय," हे तो शेवटच्या भेटीतही म्हणाला होता.

परवा संध्याकाळी मी वर गेलो. सराव सुरू व्हायचा होता. वहिनी तांब्या घेऊन आली आणि कुंडीत हाताने पाणी शिंपडू लागली. नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ लिफ्टसाठी थांबले होते. त्यांनी सहज विचारलं, "काकू, यात तर काहीच लावलेलं नाही. मग पाणी कशाला?"

वहिनीने मान वर केली नाही.

"धूळ उडता," ती म्हणाली, आणि कडेची माती कोरडी राहिली होती, तिथे पुन्हा एकदा हात फिरवला.