पहिल्या मजल्यावरचं पाणी
कोसाडच्या जुन्या खोलीत पाण्याची कायम ओढाताण असायची, म्हणून नव्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली जोरदार धार बघून आई हरखली होती. महिनाभरातच बेसिनखालची नळी फुटली आणि पाणी समोरच्या भिंतीवर आदळायला लागलं. मी एक कॉक बंद केला, तर स्वयंपाकघरातलं पाणी गेलं. दुसरा केला, तर संडासातलं. फुटलेली नळी मात्र वाहतच होती.

"अहो, मेन कॉक कुठाय?" बायको नळीवर टॉवेल दाबून ओरडली.

मला खरंच माहीत नव्हतं. शेवटी शेजाऱ्यांनी गच्चीवर जाऊन आमची लाइन बंद केली.

गुजराती प्लंबर आला, म्हणाला, "प्रेशर वधारे छे." म्हणजे जास्त आहे. टाकी गच्चीवर, त्यामुळे पाण्याचा सगळा जोर खालच्या घरांवर येतो, म्हणे. पण सगळ्यात वरच्या मजल्यावरचे तर पाणीच येत नाही म्हणून भांडत होते, आणि टाकी एकच! माझं डोकं चालेना.

त्याने प्रेशर कमी करणारा वॉल्व्ह बसवला. आईने नळ सोडला आणि घाबरली. "अरे, पाणी जातंय का?"

"नाही, मुद्दाम कमी केलंय."

"मुद्दाम?"

कोसाडसारखंच पाणी भरून ठेवायला तिने बादली लावली आणि मी दुसरी आणून दिली.