साडूभाऊ आणि मौत का कुवा

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात कधी ऊर्जेचा कणही वाया घालवला नाही. जी काही गेली ती दुसऱ्यांची गेली. ते मूल गावच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हा नियम बाकीचे लोक मार्कांपुरता पाठ करतात. साडूंनी तो संसाराला लावला. एकदा आरामखुर्चीत बसले की ते उठत नसत. उठणं म्हणजे आपलंच वजन उगाच वर उचलायचं, आणि पुन्हा बसलं की ती सगळी मेहनत खुर्चीच्या कापडात जिरणार, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे पेपर, पाणी, अडकित्ता सगळं खुर्चीपाशी चालत यायचं, म्हणजे ताई आणून द्यायच्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. गल्लीच्या टोकाच्या बोअरिंगवरून पाणीही त्याच आणत. एकदा साडूंनी त्यांना समजावलं की डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्यानं चालण्याला शास्त्रात काम म्हणतच नाहीत. ओझं खाली ओढतं, तुम्ही पुढं जाता, दोघांचा संबंध काय? दुसऱ्या दिवशी ताई भरलेला हंडा बोअरिंगवरच ठेवून हात हलवत परत आल्या. "रस्ता सपाट हाये," त्या म्हणाल्या, "काम तं काहीच नाई. घेऊन या." साडू गेले, वाटेत टेकत टेकत हंडा आणला, आणि रस्त्याला थोडा चढ आहे असं जाहीर करून पुन्हा खुर्चीत बसले.

त्यांचं दुसरं वेड वर्तुळाचं. बादली वेगानं डोक्यावरून गोल फिरवली तर उलटी झाली तरी पाणी सांडत नाही, हा प्रयोग ते वर्गात करत तोवर ठीक होतं. पण माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत त्यांना कोणीतरी डिवचलं, आणि त्यांनी वाढप्याच्या हातातून मठ्ठ्याची भरली बादली घेतली. खरं सांगायचं तर फिरत होती तोवर एक थेंब पडला नाही. फक्त फिरणारी बादली थांबवायची कशी, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. आमच्या सासऱ्यांनी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. साडू मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की नियम चुकला नाही, बाकीचं सगळं चुकलं. असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. निदान भिंत परत समजावून सांगत नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि पाहुण्यांना आवतण जातं. टीव्ही अजून मूलला यायचा होता, त्या काळातली गोष्ट. मी वरोऱ्याहून सहकुटुंब आलो होतो, आणि मूलजवळच्या एका गावच्या मंडईत आम्ही सगळे गेलो. त्या वर्षी तिथं मौत का कुवा आला होता: फळ्यांची उभी गोल विहीर, आत उभ्या भिंतीवरून गरगरा फिरणारी मोटारसायकल, आणि वर कठड्याला लटकून बघणारे आपण. साडूंना जणू त्यांचं पाठ्यपुस्तकच गावात आल्यासारखं झालं. दुपारचा खेळ संपताच ते फटफटीवाल्याला गाठून म्हणाले, तुम्हाला वर कोण धरून ठेवतं, माहीत आहे का? तो सिरोंचाकडचा तरणा माणूस होता. त्यानं हात जोडून वर बघितलं. साडूंनी मान हलवली, काडी घेतली आणि मातीत विहीर काढली. भिंत तुम्हाला आत रेटते, हा एक बाण. टायर भिंतीला धरून ठेवतात, हा वर जाणारा बाण. तुमचं वजन, हा खाली जाणारा. वेग कमी झाला की भिंतीचा रेटा कमी, रेटा कमी की टायरची पकड कमी, आणि मग उरतो हा एकच बाण. शिवाय तुमचे टायर गुळगुळीत झालेले दिसतात. त्या माणसानं देवळात ऐकावं तसं ऐकलं. इतका गुणी विद्यार्थी साडूंना कॉलेजात कधी मिळाला नव्हता.

पुढच्या खेळाला गाडी विहिरीच्या तळाशी लावलेल्या फळ्यांच्या उतारावर फिरली, भिंतीपाशी आली आणि परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. शेवटी तो गाडी बंद करून बाहेर येऊन बसला आणि साडूंना म्हणाला, "सर, पहले मले फक्त गाडी दिसत होती. आता तो खाली जाणारा बाण दिसून राह्यला." मालकानं तिथंच सांगून टाकलं की संध्याकाळचा खेळ झाला नाही तर तुला इथंच सोडून दुसरा माणूस बघतो. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन तिकिटं फाडत होती. ती उठून साडूंसमोर आली. आवाज चढवला नाही तिनं.

"साहेब, तुमी याले जे समजावलं, ते वापस घेऊन घ्या."

साडू फटफटीवाल्यापाशी जाऊन बसले. त्यांनी भिंतीच्या रेट्याचं पुन्हा सांगितलं, टायर तितकेही वाईट नाहीत असं सांगितलं. तो मान डोलवत होता आणि जागचा हलत नव्हता. तेव्हा साडू म्हणाले, "चाला. मी मांगं बसतो." हा माणूस माझ्या साध्या स्कूटरवर कधी मागं बसला नव्हता. ताईंनी बाही धरली. त्यांनी चष्मा काढून ताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "माह्या बसण्यानं फरक पडत नाई. गणितात वजन दोन्हीकडून कटते." यावर हसू यायला हवं होतं. मला आलं नाही.

गाडी उतारावर फिरली, भिंतीपाशी आली, आणि यावेळी चढली. पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या. साडू त्या माणसाच्या कमरेला मिठी मारून बसले होते, तोंड त्याच्या पाठीत खुपसलेलं. ताई कठड्याकडे पाठ करून उभ्या होत्या. गाडी खाली आली तेव्हा साडूंना उतरता येईना. पाय वाकले ते वाकलेलेच. दोघांनी उचलून त्यांना काढलं. तो पोरगा पाया पडला, गाडीकडे वळला आणि एकटाच पुन्हा वर चढला. त्याच्या बायकोनं डोळे पुसले आणि तिकिटांचा गठ्ठा उघडला.

आम्ही बांधाबांधानं परत निघालो. चष्मा द्यायचं ताईंना सुचलं नव्हतं आणि मागायचं साडूंना. ते ताईंच्या पदराचं टोक धरून, ठेचकाळत चालले होते. टिंगल केल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं, भाऊजी, निघाला का तुमचा नियम खरा?

"निघाला," साडू म्हणाले. बरंच अंतर चालल्यावर ते माझ्याकडे न बघता हळूच बोलले, "भाऊ, बसताना मले वाटलं होतं, नाई निघणार."

ताई थांबल्या. चष्मा पदरानं पुसून त्यांनी स्वतः साडूंच्या डोळ्यांवर चढवला, आणि मग आम्ही चालायला लागलो. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या बादलीवर मी अजूनही लोकांना पोट धरून हसायला लावतो, पण ते वाक्य मात्र मला आजवर कोणाला सांगवलं नव्हतं.