तपकिरी अस्वल आणि पहिलं ताट

तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला अकोल्याच्या आमच्या स्वयंपाकघरातलं अस्वल आठवतं. तेव्हा मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिली लेक फारच अशक्त जन्मली होती आणि सासूबाई येईल त्याला सांगत, "सुनेच्या मायेरचं हाडच बारीक हाय." आधी पुरुष जेवायचे, मग सासूबाई, आणि उरलंसुरलं मी. वर आपण किती सोशीक म्हणून मनातल्या मनात मिरवायची, असली येडी मी! त्या दुपारी कॉलेजात शिकणारा धाकटा दीर जेवता जेवता परीक्षेचं मोठ्यानं वाचत होता. तपकिरी अस्वलं सगळी एकाच जातीची, पण समुद्राकाठची, नदीतले मासे खाणारी, प्रचंड वाढतात, आणि कोरड्या डोंगरातली त्यांच्या निम्मीही भरत नाहीत. भाकर थापता थापता मी साळसूदपणे विचारलं, "भाऊजी, त्या लहान अस्वलाच्या मायेरचं हाड बारीक असन का?" तो हसला. "नाही वयनी, पोटाची गोष्ट हाय. तिथं त्यायले खायलेच कमी भेटते." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. उठल्या, तव्यावरची भाकर ताटात घेतली, वर तूप घातलं आणि म्हणाल्या, "आधी तू खाय. बाकीचे थांबतीन." आज माझी धाकटी थोरलीपेक्षा वीतभर उंच आहे. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की थोरलीच्या वेळी मी खाल्लेलं उरलंसुरलं आठवतं, आणि पहिलं ताट मी थोरलीलाच वाढते.