केसरीनाथचं दहावं वाक्य

केसरीनाथ भोईर अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायला निघाला, त्याला कारण गोडाऊन. शहाण्णव साली एका कंपनीने त्याची दापोड्याची भाताची जमीन भाड्याने घेतली, तिच्यावर पत्र्याचं गोडाऊन ठोकलं, आणि कंपनीचा मॅनेजर फोनवर इंग्रजीशिवाय बोलेना. केसरीनाथ आपला ‘येस येस’ म्हणायचा. अशाच एका येसमध्ये त्याने स्वतःच्या अंगणातून ट्रक वळवायची परवानगी देऊन टाकली आणि तुळशीवृंदावन तिरकं झालं. दुसऱ्याच दिवशी त्याने भिवंडीत क्लास लावला.

क्लास एका माळ्यावर होता आणि भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर धडधड. त्यामुळे कौसल्या मॅडम ओरडून शिकवायच्या, पोरं ओरडून उत्तरं द्यायची, आणि तिथल्या प्रत्येकाचं इंग्रजी पहिल्या धड्यापासून भांडणाच्या सुरात तयार व्हायचं. मॅडम वयाने केसरीनाथच्या मुलीएवढ्या, पण त्यांच्यापुढे तो हाताची घडी घालून बसायचा. त्यांचा एकच नियम होता: वाक्य खरं पाहिजे. लंडनच्या काकाबद्दल लिहायचं नाही, कारण काका लंडनला नाही.

त्या सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘कीप इन टच’. माणूस लांब जातो तेव्हा म्हणायचं, संबंध ठेवा, विसरू नका. दहा वाक्यं करून आणा, पुढच्या सोमवारी वाचून दाखवायची.

केसरीनाथने नऊ वाक्यं एका बैठकीत उडवली. वज्रेश्वरीला दिलेल्या मुलीशी आय कीप इन टच. मासळीवाल्या सीताबाईशी, न्हाव्याशी, दाताच्या डॉक्टरशी, झालंच तर म्हशीशीही आय कीप इन टच. दहाव्या आकड्यापुढे मात्र पेन थांबलं. तिथे एकच नाव येत होतं, आणि ते लिहिलं तर वाक्य खोटं ठरत होतं. ते नाव रामदासचं, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

दोघांची घरं एकाच अंगणात. अकरा वर्षांचा अबोला. कारण म्हणाल तर रामदासच्या मुलीची लग्नपत्रिका. पत्रिकेत खाली निमंत्रकांची नावं असतात, आणि घरातल्या थोरल्याचं नाव सगळ्यांत वर असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या पत्रिकेत केसरीनाथचं नाव सगळ्यांत शेवटी होतं. रामदासच्या मुलाच्या, मेव्हण्याच्याच नव्हे, तर ‘समस्त ग्रामस्थ मंडळ, दापोडे’ याच्याही खाली! “मंग मी काय गावाभायेरचा हाय?” असं ओरडून त्याने ती पत्रिका फाडली आणि वज्रेश्वरी आईची आण घेतली, की रामदासशी एक अक्षर बोलणार नाही. रामदासही त्याच आईबापाचा. त्यानेही तोंड फिरवलं.

पण विहीर एक, पंप एक, अंगण एक. बोलल्याशिवाय भागतंय कुठे? मग दोघे म्हशीशी बोलू लागले. “मंगळे, सांग त्याला, पंप जलला.” पलीकडून यायचं, “मंगळे, सांग, वायरमनला बोलावलाय.” मंगळी शांतपणे रवंथ करायची. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा दोघे भाऊ आठ दिवस असे काही कोंडले, की केसरीनाथने दुधाचा हिशेब न बघता घाईघाईने दुसरी म्हैस आणली. तिचंही नाव मंगळीच ठेवलं, म्हणजे बोलण्यात खंड नको.

आणि आता रामदास चालला होता. मुलाने मानकोलीला ब्लॉक घेतला होता, शनिवारी सामान हलणार होतं. केसरीनाथ दोन दिवस नीट जेवला नाही. भाऊ समोर आहे, खोकतोय, म्हशीला बोलतोय, यावर त्याची अकरा वर्षं चालली होती. तेवढंही आता बंद होणार.

“जाऊन बोला की त्याच्याशी,” बायको पार्वती म्हणाली.

“आण हाय माझी.”

“मंग काय कराल? म्हस घेऊनशी मानकोलीला जाल? तिसऱ्या माळ्यावर?”

केसरीनाथला राग आला, कारण हा विचार त्याने खरोखरच करून पाहिला होता.

शनिवारी सकाळी टेम्पो लागला. कपाट चढलं, पलंग चढला, रामदासची बायको द्रौपदी डोळे पुसत पुढे बसली. केसरीनाथ म्हशीजवळ उभा, हातात वही, जणू अभ्यासच करतोय. “मंगळे, सांग त्याला...” त्याने सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं. असली गोष्ट म्हशीकरवी सांगायची नसते.

टेम्पो सुरू झाला. तेव्हा केसरीनाथच्या डोक्यात वकिलाला लाजवील असा मुद्दा आला. आण घेतली तेव्हा आपल्याला इंग्रजी येत कुठे होतं? मग ते आणेत कसं धरणार? आई वज्रेश्वरी एवढी बारकाईने बघत नसेल.

“रामदास! कीप इन टच!”

आवाज क्लासमधला होता. पाखरं उडाली. शेजारची रंगूबाई भांडण बघायला चूल सोडून धावत आली. रामदास टेम्पोतून खाली उतरला. सवयीने त्याने म्हशीकडे पाहिलं, पण तिलाही काही कळलेलं दिसेना. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ भावाकडे बघून बोलला.

“म्हंजे काय रं दादा?”

आता याचं उत्तर इंग्रजीत देण्याइतका क्लास झालेला नव्हता.

“म्हंजे...” केसरीनाथने मॅडमचा अर्थ आठवून पाहिला. तो काही आठवेना. “म्हंजे जा तू. पन मना सोडू नको.” आणि तो सगळ्यांदेखत रडला.

रामदास जवळ आला. “दादा, पत्रिकेत तुझा नाव मी सांगाचाच इसरलू व्हतू. तू नि मी एकच, म्हनून माझा नाव सांगितला, तवा तुझा सांगून झाला असा वाटला. नंतर छापखान्यात आठवला, तवा जागाच उरली नव्हती. त्यांनी मंग खाली घुसवला.”

“हे तवाच सांगाचा ना, येड्या!”

“तू बोलत व्हतास कुठं?”

रामदासने वही ओढून घेतली आणि दहाव्या आकड्यापुढे आपल्या वाकड्या अक्षरात मानकोलीचा पत्ता लिहिला. “नुसता ओरडू नको. ये.”

सोमवारी क्लासमध्ये केसरीनाथने नऊ वाक्यं खड्या आवाजात वाचली. म्हशीच्या वाक्याला पोरं हसली. दहाव्याला त्याने पत्ता वाचला.

“अहो, हा पत्ता झाला,” मॅडम लूमवर आवाज चढवून ओरडल्या. “वाक्य कुठंय?”

“वाक्य काल झाला, मॅडम,” केसरीनाथ तेवढ्याच जोरात ओरडला. “तीन माळे चढून गेलू, जेवलू, आन् भांडूनशी आलू.”

“भांडून? आता कशावरून?”

“मी निंगालू, तर तो मना सोडतच नव्हता.”